कर्णबधिर माणसं आणि त्यांचं कर्तृत्व : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'प्रसिद्ध कर्णबधिर व्यक्ती' म्हणून नेमकं कोणाला धरायचं?

बहुतेक याद्या बीथोव्हनपासून सुरू होतात, एडिसनवरून जातात आणि हेलन केलरपाशी थांबतात. तिघंही थोर, पण तिघांचं बधिरपण एका जातीचं नाही. बीथोव्हनचं ऐकणं कमी होऊ लागलं ते ऐन तारुण्यात, संगीत हाडीमासी भिनल्यावर. एडिसनला लहानपणापासून कमी ऐकू यायचं, पण आयुष्यभर तो ऐकणाऱ्या-बोलणाऱ्यांच्या जगातच वावरला. हेलन केलर दीड वर्षाची असताना आजारपणात दृष्टी आणि श्रवण दोन्ही गमावून बसली. या तिघांपैकी एकही जण कर्णबधिर समाजात वाढलेला नाही. म्हणजे असा समाज, जिथे सांकेतिक भाषेत शाळा चालते, मैत्र्या जमतात, भांडणं होतात, लग्नं ठरतात.

त्या समाजातून आलेली माणसं या याद्यांत क्वचितच दिसतात. लोराँ क्लेर, जॉर्ज वेडिट्झ, अँड्र्यू फॉस्टर ही नावं किती जणांना माहीत असतात? खालच्या उत्तरांत दोन्ही प्रकारची माणसं आहेत, पण माप थोडं दुसऱ्या बाजूला झुकतं ठेवलं आहे.

बीथोव्हनला ऐकू येत नव्हतं, मग त्यानं संगीत रचलं कसं?

त्याचं ऐकणं एका दिवसात गेलं नाही. १७९८ च्या आसपास त्रास जाणवू लागला, तेव्हा त्याची तिशीही उलटली नव्हती आणि पियानोवादक म्हणून व्हिएन्नात त्याचं नाव झालेलं होतं. कसलेला संगीतकार स्वरलिपी नुसती वाचत नाही, वाचताना ती त्याच्या मनात वाजत असते. त्यामुळे रचना थांबल्या नाहीत. थांबलं ते चारचौघांत मिसळणं आणि पुढे मैफलीत वाजवणं.

ऑक्टोबर १८०२ मध्ये हायलिगेनश्टाट गावी त्यानं भावांना उद्देशून एक लांबलचक पत्र लिहिलं. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला दूरची बासरी ऐकू यावी आणि आपल्याला काहीच ऐकू येऊ नये, यातली नामुष्की त्यात आहे. जीव नकोसा झाल्याची कबुली आहे आणि कलेनंच आपल्याला मागे खेचलं हेही आहे. पत्र त्यानं पाठवलंच नाही. १८२७ साली तो गेल्यावर ते त्याच्या कागदपत्रांत सापडलं.

१८१८ पासून भेटायला येणारे लोक आपलं म्हणणं वहीत लिहीत आणि तो बहुधा तोंडी उत्तर देई. त्यातल्या बऱ्याच वह्या आज उपलब्ध आहेत, पण संवादाची एकच बाजू हाती लागते. प्रश्न आहेत, उत्तरं हवेत विरून गेलेली. ७ मे १८२४ रोजी व्हिएन्नात नववी सिंफनी पहिल्यांदा सादर झाली, तेव्हा तो मंचावर उभा राहून लय देत होता. वादकांना मात्र आधीच बजावलं होतं, की बीथोव्हनच्या हाताकडे पाहू नका, शेजारी उभ्या संचालक उमलाउफकडे पाहा. टाळ्यांचा कडकडाट सुरू झाला तरी तो प्रेक्षकांकडे पाठ करून स्वरलिपीतच गुंतलेला. शेवटी गायिका कारोलीन उंगरनं त्याला धरून वळवलं, तेव्हा कुठे त्याला हलणारे हात आणि उडणाऱ्या टोप्या-रुमाल दिसले.

ऐकू न येणारा माणूस आज व्यावसायिक वादक होऊ शकतो?

झालेला आहे. स्कॉटलंडच्या एव्हलिन ग्लेनीचं ऐकणं वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत जवळपास गेलं होतं. शाळेतल्या शिक्षकांनी तिला भिंतीला हात लावून उभं केलं आणि टिंपनीचे, म्हणजे नगाऱ्यासारख्या मोठ्या ढोलांचे, सूर एकेक करून वाजवले. कुठला सूर शरीरात कुठे जाणवतो, हे तिनं असं टिपायला सुरुवात केली. खालचे सूर पायांत, वरचे चेहऱ्यात आणि मानेत. म्हणूनच ती मंचावर बऱ्याचदा अनवाणी असते. एकल तालवादक म्हणून पूर्णवेळ कारकीर्द करता येते हेच मुळात तिनं दाखवून दिलं. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनात ढोलवादकांच्या मोठ्या ताफ्याचं नेतृत्व तिच्याकडे होतं.

चित्रकलेत कर्णबधिर कलावंत एवढे का दिसतात?

एक कारण साधं आहे. बोलल्याशिवाय शिकता येईल आणि पोटही भरेल असा हा धंदा होता. प्राचीन रोमन लेखक प्लिनीनं उल्लेख केलेला क्विंटस पेडियस हा रोमन मुलगा, नावानिशी नोंद झालेल्या अगदी जुन्या कर्णबधिर व्यक्तींपैकी एक. त्याला चित्रकला शिकवावी असं घरच्यांनी ठरवलं आणि त्याला सम्राट ऑगस्टसची संमती मिळाली. सोळाव्या शतकात स्पेनच्या दुसऱ्या फिलिप राजासाठी एल एस्कोरियालच्या राजवाड्यात काम करणारा चित्रकार नवारेते तर 'एल मुदो' म्हणजे 'मुका' याच नावानं ओळखला गेला.

गोयाची गोष्ट वेगळी. १७९२ च्या अखेरीस तो आजारी पडला आणि उठला तो पूर्ण बहिरा होऊन. वय सेहेचाळीस. त्याआधीचा गोया दरबारी, रंगेल, उजळ रंगांचा. नंतरच्या चित्रांत चेटकिणी, वेडगळ जमाव, युद्धातली प्रेतं येतात. हा बदल केवळ बहिरेपणामुळे झाला असं म्हणणं मला उथळ वाटतं. पुढे १८०८ मध्ये स्पेनवर नेपोलियनचं सैन्य चालून आलं आणि गोयानं जे पाहिलं ते भयंकरच होतं. हातानं दाखवायची वर्णमाला मात्र तो शिकला आणि तिचं रेखाटनही त्यानं करून ठेवलं.

भारतातलं मोठं नाव सतीश गुजराल यांचं. आठव्या वर्षी काश्मीरमध्ये पूल ओलांडताना ते घसरून पडले आणि त्या दुखण्यात ऐकणं गेलं. पुढे लाहोर आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, १९५२ मध्ये मेक्सिकोला जाऊन दिएगो रिव्हेरा आणि सिकेरोस या भित्तिचित्रकारांच्या सहवासात राहिले. फाळणीवरची त्यांची चित्रं पाहिली की मेक्सिकोच्या आधीच या माणसाला काय सांगायचं होतं ते कळतं. वास्तुशास्त्राची पदवी नसताना दिल्लीतल्या बेल्जियन वकिलातीची इमारत त्यांनी उभी केली. लाल विटांचे ते घुमट आणि कमानी वास्तुरचनेच्या विद्यार्थ्यांना आजही दाखवल्या जातात. १९९९ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

विज्ञानात कर्णबधिरांचं योगदान काय?

याचं सर्वांत सुरेख उत्तर आकाशात आहे. त्यासाठी तीन माणसांची साखळी पाहावी लागते.

इंग्लंडमधल्या यॉर्कचा जॉन गुडरिक लहानपणापासून बधिर होता. एडिंबरोला थॉमस ब्रेडवुडच्या शाळेत शिकला. शेजारच्या एडवर्ड पिगटमुळे त्याला ताऱ्यांचा नाद लागला. १२ नोव्हेंबर १७८२ च्या रात्री ययाति तारकासमूहातला अल्गॉल हा तारा त्याला नेहमीपेक्षा मंद दिसला. आपण चकित झालो असं त्यानं रोजनिशीत नोंदवलं आणि मग रात्रीमागून रात्री तो हा तारा तपासत बसला. अल्गॉल ठरावीक वेळेनं मंदावतो आणि पुन्हा उजळतो, हा काळ २ दिवस आणि पावणेएकवीस तासांच्या आसपास आहे, हे त्यानं काढलं. कारणही सुचवलं, की एखादी काळी वस्तू ताऱ्याभोवती फिरताना मध्ये येत असावी. शंभरेक वर्षांनी हे जवळजवळ जसंच्या तसं खरं ठरलं. १७८३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेनं त्याला मानाचं कोप्ली पदक दिलं तेव्हा तो विशीतही नव्हता.

१७८४ मध्ये त्यानं आणखी एक रूपविकारी, म्हणजे तेज बदलत राहणारा, तारा शोधला, वृषपर्वा तारकासमूहातला डेल्टा. हा साधारण ५ दिवस ९ तासांनी उजळतो-मंदावतो, पण इथे मध्ये कोणी येत नाही, तारा स्वतःच फुगतो आणि आक्रसतो. एप्रिल १७८६ मध्ये गुडरिक रॉयल सोसायटीचा सदस्य निवडला गेला आणि चारच दिवसांनी, एकविसाव्या वर्षी वारला.

आता सव्वाशे वर्षं पुढे या. हार्वर्ड वेधशाळेत काही स्त्रिया काचेच्या छायाचित्रपट्ट्यांवरचे तारे मोजण्याचं काम करत होत्या, पगार तासाला पाव डॉलरच्या आसपास. त्यांतली हेन्रिएटा लेविट कमी ऐकू येणारी होती आणि हा त्रास वयाबरोबर वाढत गेला. मॅगेलनचे मेघ या आपल्या आकाशगंगेजवळच्या दोन छोट्या दीर्घिकांत तिनं हजारांहून जास्त रूपविकारी तारे टिपले. १९१२ मध्ये तिनं दाखवलं, की डेल्टासारख्या ताऱ्यांचा उजळण्या-मंदावण्याचा काळ जितका लांब, तितका तो तारा मुळात तेजस्वी. म्हणजे काळ मोजा, खरं तेज कळेल. दिसणाऱ्या तेजाशी त्याची तुलना करा, अंतर कळेल. विश्वाचं अंतर मोजायची पट्टीच हाती आली. हीच पट्टी घेऊन एडविन हबलनं १९२० च्या दशकात दाखवलं, की देवयानी ही आपल्या आकाशगंगेच्या बाहेरची स्वतंत्र दीर्घिका आहे. हबलचं नाव सर्वांना माहीत. पट्टी जिच्यामुळे मिळाली ती, आणि पट्टीचा नमुना ठरलेला तारा ज्यानं पहिल्यांदा ओळखला तो, अशी दोन्ही टोकं कर्णबधिर माणसांनी धरलेली होती.

लेविटच्याच वेधशाळेत अ‍ॅनी जंप कॅनन होती. तिलाही फार कमी ऐकू यायचं. ताऱ्यांच्या वर्णपटांची ओ, बी, ए, एफ, जी, के, एम ही जी क्रमवारी आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे, ती तिनं घडवली आणि सुमारे साडेतीन लाख तारे तिनं स्वतः वर्गीकृत केले. १९२५ मध्ये ऑक्सफर्डनं तिला मानद डॉक्टरेट दिली.

आणखी शास्त्रज्ञ?

ऑस्ट्रेलियात जन्मलेले जॉन कॉर्नफर्थ. ऐकणं दहाव्या वर्षापासून कमी होत गेलं आणि विशीत पूर्ण गेलं. व्याख्यानं ऐकू येत नाहीत म्हणून त्यांनी मूळ शोधनिबंध आणि पुस्तकं वाचून रसायनशास्त्र आत्मसात केलं. सेंद्रिय रसायनातल्या कामासाठी १९७५ चं नोबेल त्यांना मिळालं. काच फुंकण्यात त्यांचा हात चांगला होता. रिटा हॅराडेन्स या सहविद्यार्थिनीचा फुटलेला चंबू त्यांनी सांधून दिला आणि पुढे त्याच रिटाशी संसारही झाला, संशोधनही.

रशियातला कॉन्स्टंटिन त्सिओल्कोव्हस्की दहाव्या वर्षी आजारपणात बराचसा बहिरा झाला आणि शाळा सुटली. मॉस्कोच्या ग्रंथालयात बसून स्वतःच शिकला आणि कालुगा गावी शाळामास्तरकी करत १९०३ मध्ये अग्निबाणाचं मूलभूत समीकरण प्रसिद्ध केलं. ऐकायला मदत व्हावी म्हणून तो स्वतःच कर्णे बनवायचा. आणि एडिसन. ग्रामोफोनचा पूर्वज असलेलं ध्वनिमुद्रण यंत्र १८७७ मध्ये बनवणारा हा माणूस आवाज नीट कळावा म्हणून लाकडावर दात रोवायचा. कंपनं हाडांतून आतल्या कानापर्यंत पोचत.

सांकेतिक भाषा कोणी शोधून काढली?

कोणीही नाही. जिथे कर्णबधिर माणसं एकत्र येतात तिथे ती तयार होते. 'अबे द लेपे या फ्रेंच पाद्र्यानं कर्णबधिरांना भाषा दिली' असं अजून लिहिलं जातं. त्यानं १७६० च्या सुमारास पॅरिसमध्ये गरीब कर्णबधिर मुलांसाठी शाळा काढली, हे मोठंच काम. पण भाषा तिथे आधीपासून होती, आणि याचा पुरावा एका कर्णबधिर कारागिरानंच लिहून ठेवला आहे. प्येर देलोज हा पुस्तक बांधणारा. देवी येऊन सातव्या वर्षी बहिरा झाला. १७७९ मध्ये त्यानं एक छोटं पुस्तक छापलं आणि त्यात सांगितलं, की पॅरिसमधले आम्ही बधिर कामकरी शाळेचं तोंडही न बघता खुणांनी जगातल्या सगळ्या विषयांवर बोलतो. कर्णबधिर व्यक्तीनं लिहून छापलेलं हे ज्ञात असलेलं पहिलं पुस्तक मानलं जातं.

लेपेच्या शाळेतून पुढे बधिर शिक्षकांची परंपराच उभी राहिली. जाँ मास्यू, त्याचा विद्यार्थी लोराँ क्लेर, नंतर फेर्दिनाँ बेर्तिए. यांतला क्लेर जगाच्या नकाशावर खूण उमटवून गेला. तान्हा असताना तो खुर्चीवरून चुलीत पडला होता आणि गालावर व्रण राहिला. कर्णबधिर समाजात प्रत्येकाला खुणेचं नाव असतं. क्लेरचं नाव म्हणजे दोन बोटं गालावरून खाली फिरवणं, तो व्रण दाखवणारी.

१८१६ मध्ये अमेरिकेहून आलेल्या थॉमस गॅलॉडेटबरोबर तो जहाजानं निघाला. बावन्न दिवसांच्या त्या प्रवासात गॅलॉडेट त्याला इंग्रजी शिकवत होता आणि तो गॅलॉडेटला खुणा. १५ एप्रिल १८१७ रोजी हार्टफर्डला अमेरिकेतली कर्णबधिरांची पहिली कायमस्वरूपी शाळा उघडली आणि क्लेरनं तिथे चाळीसहून जास्त वर्षं शिकवलं. त्याचा परिणाम आजही दिसतो. अमेरिका आणि इंग्लंड दोन्हीकडे बोलणारे इंग्रजी बोलतात, पण अमेरिकी सांकेतिक भाषा ब्रिटिश सांकेतिक भाषेशी जुळत नाही. ती फ्रेंच सांकेतिक भाषेच्या जवळची आहे.

एवढी चांगली सुरुवात झाली, मग शाळांत सांकेतिक भाषा बंद का झाली?

सप्टेंबर १८८० मध्ये इटलीतल्या मिलान शहरी कर्णबधिर शिक्षणाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. १६४ प्रतिनिधी, त्यांत कर्णबधिर किती? एक. ठराव झाला, की मुलांना फक्त तोंडी भाषा शिकवावी, खुणा वापरू नयेत. बाजूनं १६०, विरुद्ध ४. ज्यांच्याविषयी निर्णय होता त्यांना बाहेर ठेवून घेतलेल्या निर्णयांचा इतिहास लिहिला तर हा पहिल्या पानावर येईल. कर्णबधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या, वर्गात खुणा करणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागल्या. मुलांचा वेळ ओठ वाचण्यात आणि उच्चार घोटण्यात गेला, बाकीचे विषय मागे पडले. भाषा मात्र मेली नाही. वसतिगृहांत, सुटीत, कर्णबधिर आईबापांच्या घरांत ती चालूच राहिली. या परिषदेच्या आयोजकांच्या वारसांनी थेट २०१० मध्ये व्हँकुव्हरला त्या ठरावांबद्दल खेद व्यक्त केला.

त्या काळात भाषा टिकवण्यासाठी कोणी काही केलं का?

केलं, आणि फार हुशारीनं. अमेरिकेतल्या कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष जॉर्ज वेडिट्झ यांना दिसत होतं, की उत्तम खुणा करणारी जुनी पिढी संपत चालली आहे. तेव्हा चलचित्रं नुकतीच रुळत होती. संघटनेनं वर्गणी काढून नामवंत वक्त्यांना कॅमेऱ्यासमोर उभं केलं. १९१३ सालचं वेडिट्झ यांचं स्वतःचं भाषण त्यांतलंच. बोलपट यायच्या चौदा वर्षं आधी एका समाजानं आपल्या भाषेचं दृश्य दफ्तर तयार करून ठेवलं. लिहिता न येणारी भाषा जपायची तर हाच मार्ग होता आणि तो भाषातज्ज्ञांच्या आधी कर्णबधिरांना सुचला. विल्यम स्टोकी या ऐकू येणाऱ्या प्राध्यापकानं, सांकेतिक भाषेलाही स्वतःचं पूर्ण व्याकरण असतं हे अभ्यासकांपुढे मांडलं ते १९६० मध्ये.

हेलन केलरबद्दल शाळेत शिकलोच आहोत. त्यापलीकडे काय?

खरं तर मोठा भाग त्यापलीकडचाच आहे. पंपाखाली हात, हातावर 'पाणी' हा शब्द, एवढ्यावर आपला धडा संपतो तेव्हा हेलन सात वर्षांचीही नसते. ती जगली सत्त्याऐंशी वर्षं. १९०४ मध्ये रॅडक्लिफ महाविद्यालयाची पदवी घेतली, बधिरांध व्यक्तीनं मिळवलेली पहिली. ती समाजवादी होती, स्त्रियांच्या मताधिकारासाठी लिहीत-बोलत होती. १९२० मध्ये अमेरिकेत नागरी हक्कांसाठी जी मोठी संघटना स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत ती होती. आजारांची आणि अंधत्वाची कारणं गरिबीत आणि कारखान्यांत सापडतात असं ती म्हणू लागली, तेव्हा आधी तिचं कौतुक करणाऱ्या वर्तमानपत्रांना अचानक तिच्या अपंगत्वामुळे तिची समज तोकडी असल्याचं आठवलं. १९५५ मध्ये, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, ती भारतातही येऊन गेली.

तिच्या आधीची लॉरा ब्रिजमनही विसरू नये. तीही बधिरांध. हेलनची शिक्षिका अ‍ॅन सलिव्हन बोटांची वर्णमाला शिकली ती पर्किन्स संस्थेत, जिथे लॉरा राहत होती.

टेलिफोनचा शोध कर्णबधिरांसाठी लागला, हे खरं का?

अर्धवट खरं. अलेक्झांडर ग्रॅहम बेलची आई आणि पत्नी दोघी कर्णबधिर होत्या आणि तो स्वतः बधिर मुलांना उच्चार शिकवायचा. पण सांकेतिक भाषेला त्याचा कडवा विरोध होता, आणि बधिरांनी आपसांत लग्नं करू नयेत असं तो लिहून गेला. कर्णबधिर समाजात त्याचं नाव आजही कडवटपणे घेतलं जातं. टेलिफोननं तर त्यांना उलट मागे टाकलं. पूर्वी सगळेच चिठ्ठी पाठवत किंवा घरी येत. फोन आल्यावर नोकरीपासून डॉक्टरपर्यंत सगळं काम ज्या तारेवरून होऊ लागलं, ती बधिरांना बंद.

ही कोंडी फोडली कर्णबधिरांनीच. रॉबर्ट वाइटब्रेख्ट हे बधिर भौतिकशास्त्रज्ञ, जेम्स मार्स्टर्स हे बधिर दंतवैद्य आणि अँड्र्यू सॅक्स हे बधिर व्यावसायिक. १९६४ मध्ये वाइटब्रेख्ट यांनी असं यंत्र बनवलं, की फोनचा रिसीव्हर त्यावर ठेवायचा आणि टेलिप्रिंटरवर टंकलेली अक्षरं आवाजाच्या रूपात पलीकडे जायची, तिथे पुन्हा अक्षरं होऊन कागदावर उमटायची. टेलिप्रिंटर भंगारातले, जुने, अवजड. ते जमवायचे, दुरुस्त करायचे आणि एकमेकांच्या घरी पोचवायचे, हे काम कर्णबधिर स्वयंसेवकांनी केलं. आज ज्याला चॅट म्हणतात ते या लोकांनी साठच्या दशकात सुरू केलं होतं.

इंटरनेटची मूळ नियमावली बॉब कान यांच्यासह आखणारे व्हिंट सर्फ हेही श्रवणयंत्र वापरतात आणि त्यांच्या पत्नी सिग्रिड लहानपणापासून बधिर. लेखी निरोपाची सोय सर्फना आवडायला घरचंच कारण होतं.

कर्णबधिरांनी हक्कांसाठी लढा दिल्याचं ठळक उदाहरण कोणतं?

मार्च १९८८, वॉशिंग्टन. तिथलं गॅलॉडेट विद्यापीठ १८६४ पासून कर्णबधिरांसाठी पदवी शिक्षण देतं, पण १२४ वर्षांत एकही अध्यक्ष कर्णबधिर नव्हता. अंतिम फेरीत तिघे उमेदवार होते, दोघे बधिर आणि एलिझाबेथ झिन्सर या ऐकू येणाऱ्या बाई. निवड झाली झिन्सर यांची. विद्यार्थ्यांनी फाटकं अडवली, वर्ग बंद पाडले, संसदेवर मोर्चा नेला. आठवडाभरात झिन्सर यांनी पद सोडलं, विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षा पायउतार झाल्या आणि आय. किंग जॉर्डन हे पहिले कर्णबधिर अध्यक्ष झाले. जॉर्डन यांना मोटारसायकलच्या अपघातात एकविसाव्या वर्षी बहिरेपण आलं होतं आणि सुरुवातीला त्यांनी झिन्सर यांनाच पाठिंबा दिला होता. खरे नायक ते विद्यार्थी. दोन वर्षांनी अमेरिकेत अपंग हक्कांचा मोठा कायदा आला, त्या वातावरणात या आठवड्याचाही वाटा होता.

आफ्रिकेत किंवा आशियात असं काम झालं का?

अँड्र्यू फॉस्टर हे नाव लक्षात ठेवण्याजोगं आहे. अमेरिकेतल्या अलाबामातला कृष्णवर्णीय मुलगा, अकराव्या वर्षी बहिरा झाला. १९५४ मध्ये गॅलॉडेटमधून पदवी घेणारा पहिला कृष्णवर्णीय ठरला. तीन वर्षांनी तो घानाला गेला आणि पुढच्या तीन दशकांत आफ्रिकेतल्या तेराच्या आसपास देशांत तीसहून अधिक शाळा उभ्या केल्या. १९८७ मध्ये रवांडातल्या विमान अपघातात तो गेला. त्याच्या शाळांबरोबर अमेरिकी खुणाही पसरल्या आणि काही ठिकाणच्या स्थानिक खुणा दबल्या, अशी टीका होते आणि ती रास्त आहे. तरी शाळाच नसण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

भारतात २०१५ मध्ये भारतीय सांकेतिक भाषेसाठी राष्ट्रीय संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झालं. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील दुभाषाच्या मदतीनं सर्वोच्च न्यायालयापुढे उभ्या राहिल्या, तसं तिथे पहिल्यांदाच घडलं.

कर्णबधिर खेळाडू पॅरालिंपिकमध्ये का नसतात?

त्यांच्या स्पर्धा वेगळ्या आणि जुन्या आहेत. पहिली १९२४ मध्ये पॅरिसला भरली, नऊ देशांची, युजेन रुबेन्स-आल्के या कर्णबधिर फ्रेंच माणसाच्या पुढाकारानं. आज त्यांना डेफलिंपिक्स म्हणतात. चांगल्या कानाचं ऐकणंही किमान ५५ डेसिबलनं कमी असावं लागतं आणि स्पर्धेत श्रवणयंत्र काढून ठेवावं लागतं. शर्यत पिस्तुलाच्या आवाजाऐवजी दिव्यानं सुटते.

कुस्तीगीर वीरेंदर सिंग यांनी २००५, २०१३ आणि २०१७ मध्ये इथे सुवर्ण जिंकलं. २०२१ मध्ये पद्मश्री स्वीकारल्यावर लगेच ते दिल्लीत हरियाणा भवनासमोर पदकं घेऊन पदपथावर बसले. पॅरा खेळाडूंना मिळतं ते कर्णबधिरांना का नाही, एवढाच प्रश्न होता. गोल्फपटू दीक्षा डागर डेफलिंपिक्सही खेळली आहे आणि टोकियो ऑलिंपिकही.

चित्रपटांत?

मूकपटांचा काळ कर्णबधिर प्रेक्षकांसाठी सर्वांत बरोबरीचा होता. पडद्यावरची पाटी सगळेच वाचत. बधिर चित्रकार ग्रॅनव्हिल रेडमंड हा चॅप्लिनचा दोस्त, चॅप्लिननं त्याला स्टुडिओच्या आवारात चित्रं काढायला जागा दिली होती आणि आपल्या चित्रपटांत छोट्या भूमिकाही. बोलपट आले आणि हे दार बंद झालं. मूकपटांत कामं केलेल्या एमर्सन रोमेरो या बधिर नटानं १९४७ मध्ये चित्रपटांच्या रिळांत मध्ये मध्ये मजकुराच्या पट्ट्या जोडून ते बधिरांना दाखवायला सुरुवात केली. ओबडधोबड होतं, पण पडद्यावरच्या उपशीर्षकांची वाट तिथून निघाली. आज घरात सगळे जण आवाज बंद करून खालची अक्षरं वाचत बसतात, त्यांना हे माहीत नसतं.

अभिनयासाठी ऑस्कर मिळवलेले कर्णबधिर कलाकार दोन. १९८७ मध्ये मार्ली मॅटलिन, वय एकवीस, आणि २०२२ मध्ये ट्रॉय कोट्सर.

साहित्यात कोणी आहे का?

पंधराव्या शतकातली स्पॅनिश जोगीण तेरेसा दे कार्ताहेना. ऐकणं गेल्यावर तिनं बधिरपणातल्या एकांतावर ग्रंथ लिहिला. बाई असून एवढं लिहू शकेल यावर लोकांचा विश्वास बसेना, तेव्हा तिनं त्यांना उत्तर म्हणून दुसरा ग्रंथ लिहिला. विसाव्या शतकात वेल्सच्या डोरोथी माइल्सनं थेट खुणांतच कविता रचल्या. त्यांत यमकाच्या जागी हाताचा एकच आकार पुन्हा पुन्हा येतो.

या याद्यांतल्या कोणत्या गोष्टी तपासून घ्याव्यात?

गोयाच्या घराला 'बहिऱ्याचं घर' हे नाव त्याच्यामुळे पडलं नाही, आधीचा मालकही बहिरा होता. एडिसनला रेल्वेच्या गार्डनं कान धरून उचलल्यामुळे बहिरेपण आलं, ही गोष्ट त्यानं स्वतःच वेगवेगळ्या प्रकारे सांगितली आहे. बेसबॉलच्या पंचांच्या हातवाऱ्यांची सुरुवात विल्यम हॉय या बधिर खेळाडूमुळे झाली असं सर्रास लिहितात. हॉय १८८८ ते १९०२ मोठ्या स्पर्धा खेळला आणि उत्तम खेळला. त्याला हातानं इशारे दिले जात हे खरं, पण पंचांची पद्धत थेट त्याच्यापासून निघाली याचा पुरावा कच्चा आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये खेळाडू गोल करून, डोकी जवळ आणून डाव ठरवतात, त्याचं श्रेय मात्र सहसा १८९० च्या दशकातल्या गॅलॉडेटच्या संघाला दिलं जातं. समोरचा संघही बधिर असला की खुणा लांबून वाचल्या जात, म्हणून त्या झाकायला पाठींची भिंत करावी लागे.